आधी पाणी प्यायला लावलं, मग लघवीला पाठवलं: सेंटरकडून उत्तर

नमस्कार ताई,

अंग उतरल्याच्या (मूत्राशय, गर्भाशय किंवा गुदाशय योनीमार्गात खाली सरकण्याच्या) सोनोग्राफीबद्दल तुम्ही दोन स्टार दिलेत, त्यातला पाण्याचा मुद्दा पूर्णपणे आमच्या पदरात. फोनवर तुम्हाला चुकून पोटाच्या सोनोग्राफीची सूचना दिली गेली: चार ग्लास पाणी प्या, लघवी दाबून धरा. लघवी गळते म्हणून आलेल्या बाईला तासभर तसं बसवायचं, हे लिहितानाही लाज वाटते. अंग उतरल्याची तपासणी मूत्राशय रिकामं करूनच होते. ते भरलेलं असलं की खाली येणारा भाग नीट उतरत नाही. मावशी मध्येच फाइल घेऊन आत आल्या, हेही चूकच. आता आतून कडी लागते.

‘मशीन नुसतं बाहेरून टेकवलं, त्यात काय दिसणार?’ असं तुम्ही लिहिलंय. प्रोब (सोनोग्राफीत अंगावर टेकवतात तो भाग) पोटावर फिरतो तोच, कव्हर चढवून योनीच्या तोंडाशी बाहेरूनच धरायचा. आत घातला तर जे खाली यायचं त्यालाच तो अडवतो. ओटीपोटाच्या पुढच्या हाडाच्या खालच्या कडेपासून रेषा धरून, जोर केल्यावर मूत्राशय किती सरकतं ते मोजतात. त्या रेषेखाली 10 मिमी किंवा जास्त आलं तर दखल घ्यायची. गुदाशयाला 15 मिमी.

पुन्हा पुन्हा कुंथायला लावलं, त्याचंही कारण आहे. इथेच लघवी होईल या धास्तीने बहुतेक जणी पहिल्यांदा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळूनच जोर करतात. स्क्रीनवर ते लगेच कळतं: त्या स्नायूंमधलं खालचं दार उघडण्याऐवजी मिटतं आणि उतरलेलं अंग लपून जातं. म्हणून न आवळता निदान सहा सेकंद टिकणारा जोर हवा असतो. चादर ओली झाली तर आम्ही बदलतो, त्यात काही नाही. पण हे टेबलावर झोपायच्या आधी सांगायला हवं होतं.

‘ऑपरेशन करायचं की नाही ते रिपोर्टात नाही’ ही तक्रार मात्र मला मान्य नाही. बाळंतपणात हा तळाचा स्नायू हाडापासून सुटलाय का, लघवी करून आल्यावर किती उरते, हे मी सांगू शकते. पुढचं तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ हाताने तपासून, तुमचा त्रास ऐकून ठरवतील. व्यायाम, आत बसवायची रिंग, हेही पर्याय असतात.

तुमच्या रिपोर्टाबद्दल इथे चारचौघांत बोलणार नाही. दुपारी गर्दी कमी असते तेव्हा या, क्लिप मी स्वतः दाखवते, वेगळे पैसे नाहीत. पुन्हा तपासायची वेळ आली तरी पाणी नेहमीसारखंच प्या, दाबून धरू नका.