हिरवळीचे फोटो पुरेत, चेंडू कुठे हरवला ते सांगा

गोल्फ खेळणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रमंडळींना मनापासून एक विनंती आहे. कुठल्याही कोर्सवर खेळून आलात की हिरवळीचे फोटो टाकता, ते टाका. पण त्यासोबत चेंडू कुठे हरवले, शोधायला किती त्रास झाला, कोणी शोधून दिले आणि त्या हिरवळीला पाणी कुठून येतं, एवढंही लिहीत जा. फोटोत सगळे कोर्स सारखेच दिसतात. ज्याला पुढच्या महिन्यात तिथे जायचंय, त्याला त्या फोटोतून काहीच कळत नाही.

दिल्ली गोल्फ क्लबचंच बघा. लोक तिथल्या जुन्या मकबऱ्यांचे आणि मोरांचे फोटो घेऊन येतात. खेळणाऱ्याला मात्र लक्षात राहतात ती दोन्ही बाजूंची झुडपं. फेअरवे (चेंडू मारायची मोकळी पट्टी) अरुंद, चेंडू जरा तिरका गेला की जाळीत, आणि जाळीत गेला की गेलाच. पहिल्यांदा जाणाऱ्याने बऱ्याच होलवर (एकेका भोकापर्यंतच्या टप्प्यावर) ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, पिशवीतच राहू द्यावा, हे त्याला आधी कोणीतरी सांगायला हवं.

रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. तिथली जमीन सपाट, पण जागोजागी तळी. गोल्फचा चेंडू किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा आणि जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा, म्हणजे पाण्यापेक्षा जड. तो थेट तळ गाठतो. अशा ठिकाणी शोधाशोध करण्यात वेळ घालवूच नये, दंड (एक जादा फटका) घ्यावा आणि दुसरा चेंडू खेळावा.

सिडकोचा खारघरचा कोर्स मला आवडतो. क्लबाचं सदस्यत्व नसलेला माणूसही फी भरून तिथे खेळू शकतो, आणि आपल्यासारख्या लांबून येणाऱ्यांना याचं मोल फार आहे. पण कोकणातला पाऊस तो पाऊस. जुलैत चेंडू उंचावरून पडला की जमिनीत रुतून बसतो, चार पावलांवर असूनही दिसत नाही. अशा वेळी वरवर बघत फिरू नका, जमिनीला नुकतं पडलेलं भोक शोधा. फेअरवेत किंवा रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) स्वतःच्याच खळग्यात रुतलेला चेंडू दंड न घेता बाहेर काढता येतो. २०१९ पासून ही सवलत रफमध्येही सरसकट मिळते, हे अजून पुष्कळांना माहीत नाही.

आता आपल्या मराठवाड्याचं. मी लातूरचा. शिक्षण परभणीच्या कृषी विद्यापीठातलं, त्यामुळे कुठेही गेलो तरी आधी मातीकडे लक्ष जातं. आमच्या एका मित्राच्या वाटणीला औशाच्या बाजूला एक मुरमाड माळ आला. नांगर लागत नाही, कुसळाशिवाय काही उगवत नाही. त्या माळावर आम्ही काही होल आखले आहेत. तिथे भोकाभोवती हिरवं ग्रीन नाही, मातीच्या रंगाचं ब्राऊन आहे. जमीन सपाट करायची, चाळलेली बारीक कच पसरायची, रोलर फिरवायचा आणि मधोमध १०८ मिलिमीटरचं भोक. झालं. लष्कराच्या जुन्या कोर्सवर खेळलेल्यांना ब्राऊन माहीत असतील. तिथे वाळूत तेल मिसळायची पद्धत होती. आम्ही तेल वापरत नाही. शेजारी विहिरी आहेत आणि तेल शेवटी मातीतच उतरतं. सकाळच्या दवाने कच पुरेशी बसते. दुपारी वाऱ्याने थोडी उडते, ती आम्ही चालवून घेतो. एका गटाचं पटिंग (चेंडू भोकात ढकलणं) झालं की गोणपाट ओढून पावलांच्या खुणा मोडायच्या आणि पुढच्यांना जागा द्यायची.

मुरमावर चेंडू हरवण्याची तऱ्हा वेगळीच आहे. गवताच्या कोर्सवर चेंडू आपल्याला वाटतं त्यापेक्षा बहुतेक वेळा अलीकडेच सापडतो. माळावर उलटं होतं. पडला की टणकन उडतो, पुन्हा उडतो आणि उताराला लागला की घरंगळत राहतो. तेव्हा जिथे पडला असं वाटतं तिथून चांगलं पुढे जाऊन शोधायला लागा. चेंडू ज्या रेषेत गेला त्या रेषेवरचं एखादं झाड, दगड, विजेचा खांब डोळ्यात धरून सरळ चालायचं, इकडेतिकडे बघत नाही. आमच्याकडे गारगोट्या इतक्या पसरलेल्या आहेत की पांढरा चेंडू कुठला आणि गारगोटी कुठली हे दोन पावलांवरूनही कळत नाही. म्हणून माळावर नारिंगी चेंडू. पिवळाही चालतो, पण सोयाबीन पिवळं पडायला लागलं की बांधाजवळ तो पार लपतो.

शोधताना हात आधी घालू नका, क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आधी घाला. पावसाळ्यानंतर कुसळीच्या बुडाशी घोणस बसलेली असते. ती वाळल्या पाचोळ्यात मिसळून जाते आणि चटकन बाजूलाही होत नाही. चेंडू सापडला नाही तर नवा आणता येतो. पायात बूट हवेत आणि गुडघ्याइतक्या गवतात लहान मुलांना पाठवायचं नाही, यात आमच्याकडे कुणाला सूट नाही.

आणखी एक, टिटवी. ती उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधेच अंडी घालते. अंडी त्या खड्यांसारखीच दिसतात. उन्हाळ्यात माळावर टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की तिथे शोध थांबवायचा, आल्या पावली परतायचं आणि चेंडू सोडून द्यायचा. आम्ही तेवढ्या भागाभोवती दगड मांडतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो होल बंद ठेवतो. स्पर्धा असली तरी.

चेंडू शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात. २०१८ पर्यंत पाच होती, २०१९ पासून तीन झाली. घड्याळ सुरू होतं ते आपण किंवा आपला कॅडी (पिशवी वाहणारा सोबती) शोधायला लागल्यापासून. शोधताना चुकून पाय लागून चेंडू हलला तर आता दंड नाही, होता तिथे ठेवायचा आणि खेळायचं. माळावरच्या शोधाला या नियमाचा केवढा आधार आहे. पूर्वी आपलाच चेंडू पायाने हलला तर एक फटका भरावा लागायचा, त्या भीतीने माणूस गवतात पाय टाकायला कचरत असे. तीन मिनिटांत नाही मिळाला तर एक फटका दंड आणि जिथून मारला तिथून पुन्हा. म्हणून शंका आली की तिथेच उभं राहून प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा चेंडू) मारून ठेवा, आणि मी प्रोव्हिजनल मारतोय असं सोबत्यांना स्पष्ट सांगा. न सांगता मारला तर तोच खेळातला चेंडू ठरतो. चेंडूवर स्वतःची खूण पेनाने करा. एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे दोन चेंडू एकाच झुडपात सापडले की कोणता कुणाचा हे नंतर ठरत नाही.

मला ही तीन मिनिटं गोल्फमधली सगळ्यात चांगली वेळ वाटते. समोरचा आपला प्रतिस्पर्धी, त्याचा चेंडू हरवला तर आपला फायदा, तरी चौघंही त्याच्यासाठी वाकून शोधतात. दुसऱ्या कुठल्या खेळात हे बघितलंय, सांगा. नवीन कोर्सवर गेल्यावर मी लोक कसे शोधतात ते बघतो. बांधाकडे नुसतं उभं राहून मोबाईल बघणारे लोक जिथे भेटले, तिथे परत जायची मला इच्छा झालेली नाही, गवत कितीही भारी असो.

यापुढचं जरा जास्त लिहितो, कारण ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्या माळाच्या खाली एका शेतकरी मामांचं रान आहे. काळी, भारी जमीन. खरिपात सोयाबीन आणि तूर, पुढे हरभरा. उताराने चेंडू तिकडेच धाव घेतात. सुरुवातीलाच मामांनी आमच्या मित्राला बांधावर थांबवून सांगितलं, “चेंडू घावला तर देतोच की आम्ही, पण तुरीत पाय नगा घालू. फुलोऱ्यात हाय ती.” त्या दिवसापासून बांध म्हणजे आमची हद्द. पलीकडे गेला तो चेंडू सीमेबाहेर, तीन मिनिटंही नाहीत. हद्द आखायचा अधिकार नियमानेच कमिटीला आहे, आणि आमची कमिटी म्हणजे आम्हीच.

उभ्या पिकात शिरलेला माणूस एका चेंडूपायी किती झाडं मोडतो हे त्याच्या लक्षातही येत नाही. फुलोऱ्यातल्या तुरीला धक्का लागला की फुलं गळतात. पण नुसतं न शिरणंही पुरेसं नाही. चेंडूचं कवच प्लास्टिकसारख्या पदार्थाचं, आत टणक रबर. तो मातीत कुजत नाही. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात चेंडू उतरतो आणि पुढच्या पावसात जमीन मिटली की आतच राहतो. कुळवाला लागतो, कधी मळणी यंत्रापर्यंत पोचतो. म्हणून आम्ही बांधाकडे तोंड असलेला होल सरळ फिरवून टाकला. आता मारायचं ते चढाकडे. आणि हरभरा निघाला की मामांना विचारून, जमिनीला भेगा पडायच्या आत, आम्ही सगळे ओळीने त्यांच्या रानातून चालतो आणि राहिलेले चेंडू वेचतो. हे काम आपलं आहे, शेतकऱ्याचं नाही. शेताला लागून कोर्स असलेल्या प्रत्येक ठिकाणी हे व्हायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

वस्तीवरची पोरं चेंडू शोधून आणतात. त्यांना आम्ही चेंडूमागे ठरलेले पैसे देतो, घासाघीस करत नाही, आणि शाळेच्या वेळेत कुणाला बोलावत नाही. एखादा पोरगा क्लब हातात घेऊन मारू बघतो, तर मारू द्या. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होते. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. एस. एस. पी. चौरासिया यांचे वडील रॉयल कलकत्त्यात ग्रीनकीपर (हिरवळ राखणारे) होते. मुलाने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं तीच इंडियन ओपन जिंकली. पोरांना “ए पोरा, बॉल आण” म्हणून हाक मारणाऱ्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत. पोरांना त्यांच्या नावाने हाक मारा.

आता पाणी. आमच्यातलेच काही जण म्हणतात, मराठवाड्यात एक अठरा होलचा हिरवागार कोर्स व्हायला पाहिजे, पुण्या-मुंबईला किती दिवस पळायचं? पळण्याचा त्रास मलाही आहे. तरीही माझा याला विरोध आहे. साधा हिशोब करा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. आपल्या मे महिन्याच्या उन्हात हिरवळीला दिवसाला सहा मिलिमीटर धरू, जास्त धरलेलं नाही. भिजवायचं क्षेत्र वीस हेक्टर धरू. रोजचे १२ लाख लिटर झाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा तिच्यात ५ लाख लिटर पाणी होतं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने दुष्काळामुळे ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेल्या गावात मी हिरवळीवर पाणी फवारताना बघू शकणार नाही. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू, असं कुणी म्हणतं. तेवढं पाणी स्वच्छ होऊन हाताशी येत असेल तर आधी ते चाऱ्याला आणि कारखान्यांना द्या, धरणातलं तेवढं वाचेल.

हिरवं नसेल तर तो गोल्फच नाही, ही समजूत टीव्हीने लावली. खेळ जिथे वाढला ती स्कॉटलंडची किनाऱ्याची जमीन वाळूची, शेतीला निरुपयोगी, मेंढ्या चरायची. २००६ ची ब्रिटिश ओपन इंग्लंडमधल्या होयलेकला झाली तेव्हा उन्हाने कोर्स करपून पिवळा पडला होता. टायगर वूड्सने चार दिवसांत एकदाच ड्रायव्हर वापरला आणि जिंकला, कारण टणक जमिनीवर चेंडू आपणहून धावत होता. अमेरिकेतल्या पाइनहर्स्टच्या दोन नंबरच्या कोर्सवर, जिथे पुढे यूएस ओपन झाली, १९३० च्या दशकापर्यंत वाळूचीच ग्रीन होती. ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाचं वाळवंटातलं गाव आहे, तिथल्या कोर्सवर गवताची काडी नाही. खेळाडू कृत्रिम गवताचा तुकडा सोबत नेतात, त्यावर टी (चेंडू ठेवायची खुंटी) लावून मारतात. पुढच्या वेळी कुणी आमच्या माळाला कोर्स म्हणायला कचरला तर त्याला हे सांगा.

बीड, जालना, धाराशिव, हिंगोली, कुठेही असा पडीक मुरमाड माळ कुणाकडे असेल आणि ब्राऊन करून बघायचं असेल, तर कळवा. जागा बघायला मी स्वतः येईन. उतार कुठे आहे, खाली कुणाचं रान आहे आणि ते शेतकरी काय म्हणतात, हे आधी बघू. होल नंतर आखता येतील. आम्हाला सध्या क्रिकेटच्या पिचवर फिरवायचा एक जुना रोलर हवा आहे, शाळेत किंवा मंडळात पडून असेल तर योग्य किमतीला घेऊ. आणि ज्यांनी या पावसाळ्यात नाशिक किंवा पुण्याकडे खेळून घेतलंय, त्यांनी खाली लिहा: कुठल्या होलवर, कशात हरवला, आणि कोणी शोधून दिला.