खुलासा : १८९८ साली हवाईत मतदान झालंच नव्हतं

‘हवाईच्या लोकांनी १८९८ मध्ये मतदान करून अमेरिकेत सामील व्हायचं ठरवलं’ हा फिरणारा मजकूर चुकीचा आहे. ते मतदान १९५९ चं, आणि तेही राज्याच्या दर्जासाठी.

१७ जानेवारी १८९३ रोजी गोऱ्या व्यापाऱ्यांच्या व बागाईतदारांच्या गटाने हवाईच्या राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केलं. आदल्याच दिवशी अमेरिकी युद्धनौकेवरचे सैनिक होनोलुलूत उतरले होते. १८९७ मध्ये विलीनीकरणाविरुद्धच्या अर्जावर एकवीस हजारांहून अधिक सह्या झाल्या. बायका-पुरुषांची पानं वेगवेगळी, नावापुढे वय लिहिलेलं. ती पानं पाहिली की ‘स्वेच्छेने’ हा शब्द लिहवत नाही.

सिनेटमध्ये करारासाठी दोन तृतीयांश मतं जुळेनात, म्हणून १८९८ मध्ये दोन्ही सभागृहांत साध्या बहुमताने होणाऱ्या संयुक्त ठरावाने बेटं घेतली गेली. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने १८९३ च्या सत्तापालटाबद्दल माफीही मागितली आहे.