पोहे वर आहेत

पावसाळ्यात राजापूरच्या जुन्या बाजारपेठेत जिन्नस मिळत नाहीत असे नाही. ते फक्त वर असतात. अर्जुना आणि कोदवली या दोन्ही नद्यांना एकदम जोर आला की पाणी जवाहर चौकात शिरते, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असल्यामुळे येथील दुकानदार मृगातच अर्धे दुकान माळ्यावर चढवतो आणि तेव्हापासून गिऱ्हाइकाची सत्त्वपरीक्षा सुरू होते.

"अर्धा किलो जाडे पोहे द्या."

"गुरुजी, पोहे वर आहेत."

"मग काढा की."

"शिडी शेजारी गेली आहे."

यथावकाश शिडी येते. तिची एक पायरी निखळलेली असून त्या जागी सुंभ गुंडाळलेले असते. नोकर वर जातो आणि अंधारातून चवळी, पायपुसणी, गेल्या गणपतीतली उरलेली मखरे अशी एकेक वस्तू पुकारू लागतो. पोहे सर्वांच्या मागे असतात, कारण भिजू नयेत म्हणून ते सर्वांत आधी चढवलेले असतात.

मिरीही वरच होती. याच मिरीच्या लोभाने इंग्रजांनी सतराव्या शतकात येथे वखार घातली होती. तेव्हा अणुस्कुरा घाटातून माल उतरे आणि खाडीतून गलबते गावापर्यंत येत. पुढे गाळ साचला, गलबते बंद झाली, पाण्याने मात्र आपला शिरस्ता मोडलेला नाही. त्या वखारवाल्यांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवला, म्हणून शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरवर चालून जाऊन वखार लुटली. इंग्रजांची चिकाटी अशी की भरपाईचा तगादा त्यांनी सोडला नाही; १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्सिंडेनच्या बोलण्यातही तो विषय होताच.

वेळ जावा म्हणून मी ही हकीकत दुकानदाराला ऐकवली. पुराच्या पंचनाम्याचा त्याचा कागद एका कार्यालयात दोन वर्षे पडून आहे. त्याने बोटांवर हिशेब केला आणि त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे गुरुजी, अजून अकरा वर्षे घाई करायला नको."

इतक्यात पोह्यांचे पोते धपकन खाली आले. मी पिशवी पुढे केली. दुकानदाराने गल्ल्याशेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिले, मग माळ्याकडे पाहिले आणि शिडी परत नेणाऱ्या शेजाऱ्याला हाक मारली. वजनकाटा वर होता.