‘कुत्र्याला म्होरक्या कोण ते दाखवा’ या मेसेजबद्दल

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. कुत्रा म्हणजे लांडगाच, तेव्हा घरातला म्होरक्या कोण हे त्याला पहिल्या दिवसापासून दाखवा, अशी सुरुवात. पुढे सूचना: घरातल्यांची जेवणं झाल्याशिवाय त्याला घालू नका. गुरगुरला तर पाठीवर पाडून गळा धरा. घरात घाण केली तर त्यात नाक घासा. राखणीला तिखट हवा असेल तर बांधून ठेवा, परक्याचा हात लागू देऊ नका. आणि खाऊ देऊन शिकवू नका, चटावतो. नुकतंच पिल्लू आणलेली घरं हे वाचून तसंच वागायला लागलीत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी म्होरक्या. ही कल्पना आली ती रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 सालच्या अभ्यासातून. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाने 1970 च्या पुस्तकात ती मांडली आणि ती जगभर गेली. पण याच मेक यांनी नंतर कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समेअर बेटावर, मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 साली स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची पिल्लं. मारामारी करून गादी मिळवणारा कुणी नसतो, आईबाप पुढे असतात एवढंच. ज्याने हे पसरवलं त्यानेच मागे घेतलेलं आपण अजून पुढे ढकलतोय. शिवाय कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या उंबऱ्याशी राहिलाय. सोफ्यावर चढतो तो सोफा मऊ असतो म्हणून.

आता सगळ्यात घातक सूचना, गुरगुरला की पाडायची. गुरगुर म्हणजे कुत्र्याने चावायच्या आधी दिलेली सूचना. विश्रामबागेत एका ओळखीच्या घरी लॅब्रेडॉर दिवाणाखाली चघळायची कांडी घेऊन बसला होता आणि घरातला छोटा नातू रांगत त्याच्याकडे निघाला. कुत्र्याचं चघळणं थांबलं. अंग ताठ झालं, मान कांडीवर आणखी खाली गेली, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागला. त्याने जिभेने ओठ चाटले, तोंड वळवलं. पोर तरी पुढेच. तेव्हा कुठे तो गुरगुरला. म्हणजे गुरगुरायच्या आधी त्याने सहा वेळा ‘लांब राहा’ म्हणून सांगितलं होतं. आजोबा चप्पल घेऊन उठले, सुनेने त्यांना थांबवलं, पोराला उचललं आणि चिकनचा उकडलेला तुकडा खोलीच्या दुसऱ्या टोकाला टाकला. कुत्रा उठून तिकडे गेला, तिने कांडी उचलून ठेवली. झालं.

चप्पल बसली असती तर? तो गुरगुरायचा थांबला असता, पण पोर जवळ आल्याची भीती तशीच राहिली असती. मग पुढच्या वेळी आवाज न करता थेट दात. ‘काही न करता एकदम चावला’ म्हणतात त्या कुत्र्यांपैकी कितीतरी असे गप्प केलेले असतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी स्वभावाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं, ते 2009 मध्ये छापून आलं. कुत्र्याला मारून किंवा लाथ घालून पाहिलेल्यांपैकी 43 टक्के जणांवर कुत्रा उलटला होता. पाठीवर पाडून धरणाऱ्यांपैकी 31 टक्के जणांवर. आणि हे करताना माणसाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाशी असतं, हे लक्षात घ्या.

जेवणाच्या क्रमाचं एवढं काही नाही. आधी घाला, नंतर घाला, वेळ ठरलेली असली म्हणजे पुरे. फक्त खाताना त्याची थाळी ओढून ‘परीक्षा’ बघू नका, त्यानेच तो थाळी राखायला शिकतो. त्यापेक्षा जाता जाता थाळीत एखादा चांगला तुकडा टाका. माणूस जवळ आला की बरं होतं, हे त्याला कळू दे.

नाक घासण्याबद्दल मला फार वाईट वाटतं, कारण ते दोन महिन्यांच्या पिल्लांना सोसावं लागतं. त्या वयात लघवी धरून ठेवायची ताकदच नसते. झोपून उठलं, खाऊन झालं, खेळून झालं की लगेच बाहेर न्या, मध्येही तास-दोन तासांनी न्या, बाहेर केली की तिथेच शाबासकी द्या. नाक घासलेलं पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायची नाही. मग ते कपाटामागे जातं.

बांधून ठेवायचा मुद्दा आपल्याकडे फार जुना आहे. दिवसभर साखळीला असलेला कुत्रा पोस्टमनवर भुंकतो, मांजरावर भुंकतो, पानावरही भुंकतो. अशा भुंकण्यातून चोर आला हे घरच्यांना कळणार कसं? कायदाही आहे: 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणे जनावर आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तोही. आणि परक्याचा हात लागू न देणं तर उलटंच पडतं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं त्याला पुढे सहसा घाबरत नाही. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका, पण कडेवर घेऊन मारुती रोडची गर्दी, उसाच्या ट्रॉल्या, हेल्मेट घातलेली माणसं, शाळा सुटल्यावरची पोरं, सगळं दाखवा.

राहिला खाऊ. चटावतो तो जेवताना ताटातलं घातलं की. शिकवताना बोटाच्या पेराएवढा तुकडा, तोही काम झाल्यावर एक-दोन सेकंदांत. उशीर झाला तर बक्षीस कशाचं हे त्याला कळत नाही. सवय पक्की झाली की तुकडा कधी द्या, कधी नुसती पाठ थोपटा. पट्टा ओढत असेल तर हिसका देऊ नका, जागच्या जागी उभे राहा. पट्टा सैल झाला की चाला.

आणि शांत कुत्रा अचानक चिडका झाला, हात लावू देईना, तर त्याला धडा शिकवत बसू नका, आधी डॉक्टरांकडे न्या. कान, दात, खुबा, बऱ्याचदा कुठेतरी दुखत असतं.