पिसांच्या गादीमागचे श्रम

आयर्लंडच्या खेड्यांतील पूर्वीच्या हंसपालनावर (हंस म्हणजे येथे ‘गूज’ हा पाळीव पक्षी) एक लेख वाचला; त्यात मायकलमसच्या, म्हणजे २९ सप्टेंबरला येणाऱ्या संत मायकेलच्या ख्रिस्ती सणाच्या, मेजवानीचे वर्णन रसाळ झाले आहे. परंतु पिसे काढण्याचे काम एका वाक्यात उरकले, याची रुखरुख वाटते. वसंतात सुमारे महिनाभर उबवणीनंतर निघालेली पिल्ले उन्हाळाभर गवतावर वाढत आणि कापणीनंतर शेतात सांडलेले धान्य टिपून अंगाने भरत, त्यामुळे विकतच्या दाण्याचा खर्च फारसा पडत नसे. खरे कष्ट त्यापुढचे होते. मारलेल्या पक्ष्याचे अंग गरम आहे तोवरच पिसे सहज निघतात, म्हणून हात भराभर चालवावा लागे, आणि तरीही छातीवरची मऊ लव पंखांच्या ताठ पिसांपासून वेगळी ठेवून कातडी फाटू न देणे हे कसबच होते. गादीच्या खोळीला आतून साबण किंवा मेण घासत, म्हणजे पिसांची टोके कापडातून बाहेर येत नसत. पंख चुलीपुढची राख झाडण्यास आणि चरबी छाती चोळण्यास वापरली जाई. कोंबड्या-अंड्यांप्रमाणेच हंसांची देखभालही बहुधा घरच्या बायकांकडे असे, आणि त्यांतून येणारा पैसा सहसा त्यांच्याच हाती राही. माझ्या मते लेखाचा गाभा हाच असायला हवा होता. जिवंत हंसांची पिसे उपटण्याची चालही तेथे होती. त्या पक्ष्यांना होणाऱ्या वेदनेसह तिची नोंद लेखकाने अवश्य करावी, अशी विनंती आहे.