कच्चो उंडो

परवा सकाळी सव्वासात वाजता पोदेराने, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याने, माझ्या भिंतीत बोट घातलं. चांगलं मधल्या पेरापर्यंत. भोक अजून तिथेच आहे. सिमेंट एकदा धरलं की माणसाचा अपमानही घट्ट धरून ठेवतं.

आता ही भिंत कुठून आली ते सांगतो. परसाची वय, म्हणजे जुनं कुंपण, मोडली, तिथे चिऱ्यांची छातीएवढी भिंत घातली, गिलाव्याचं राहून गेलं. मेस्त्री म्हणाला होता, "आयतारा उपरांत येतां." कुठल्या रविवारानंतर ते त्याने सांगितलं नाही आणि भिडेपोटी मी विचारलं नाही. चतुर्थी झाली, दिवाळी झाली, शिगमो झाला. फोंडा तालुक्यात मेस्त्री मिळवण्यापेक्षा आमदार मिळवणं सोपं आहे. तो निदान पाच वर्षांनी एकदा स्वतःहून दारात येतो. मृग तोंडावर आला तेव्हा म्हटलं, आपणच करू. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले. त्यातला माणूस थापी फिरवत होता तो पोळीला तूप लावल्यासारखा.

मुळात करायचं काय, हेच आठवडाभर ठरेना. बायको म्हणाली, चिरा उघडाच ठेवा, फक्त दगडांमधल्या दर्जा भरा. लोक मुद्दाम पैसे देऊन चिऱ्याची घरं बघायला येतात आणि तुम्ही तो झाकायला निघालात. मी म्हटलं, तीन पावसाळ्यांत हिरवी होईल. ती म्हणाली, होऊ दे, परस आहे. हार्डवेअरच्या दुकानदाराने विचारलं, स्पंज फिरवून सपाट केलेलं स्पंज फिनिश की खरबरीत रफ कास्ट? मी विचार करतो आहे हे बघून त्याने पाठीमागच्या गिऱ्हाइकाला खिळे मोजून द्यायला घेतले. तिथे खडे मारलेल्या भिंतीचा फोटोही होता. तो मला आवडला होता. पण त्या भिंतीला खांदा घासला तर शर्ट फाटतो, आणि शेजारच्या भाईंचा खांदा कुठल्याही भिंतीला टेकल्याशिवाय राहत नाही. चुन्याचा विचारही येऊन गेला. आमच्या आजोळच्या घराला शिंपल्या भाजून केलेला चुना होता, शंभर पावसाळे काढले त्याने. पण तो चुना मळणारे हात आता कुठे शोधायचे? अखेर स्पंज फिनिश. कारण ते नाव मला आधीपासून माहीत होतं.

चिऱ्याबद्दल एक सांगायलाच हवं. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या साहेबाने मलबारात हा दगड पाहिला आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटराइट म्हटलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीत असताना हा मऊ, कुऱ्हाडीने कापता येतो. हवा लागली की कडक होतो. नोकरीला लागलेल्या माणसासारखा. साहेबाने एवढं सगळं नोंदवलं, पण हा दगड पाणी किती पितो हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही. सुक्या चिऱ्यावर ओला माल थापला की तो मालातलं पाणी सर्रकन ओढून घेतो, मग सिमेंटला धरायला पाणीच उरत नाही. म्हणून आधी भिंत भिजवायची, अगदी न्हाऊ घालायची. मी भिजवली नव्हती. शिवाय एकाला पाच-सहा रेती घालायची तिथे मी एकाला दोन घातली. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत, हा माझा साधा हिशेब. जास्त सिमेंटचा गिलावा आकसतो आणि तडकतो, हे नंतर कळलं. जाडी बारा-पंधरा मिलिमीटर पुरते. माझी काही ठिकाणी दीड इंच होती, कारण भिंतीला जिथे पोट होतं तिथे मी ते भरून काढत होतो, आणि जिथे पोट नव्हतं तिथे नवीन तयार झालं.

तर परवा. उन्हाआधी आटपावं म्हणून साडेपाचला उठून दुसरा तुकडा थापत होतो. आदल्या दिवशीचा तुकडा शेजारीच होता, बारीक भेगांचं जाळं पडलेला. तेवढ्यात पों पों झालं. गोव्यात पोदेराचा भोंगा ऐकला की माणसं हातातलं काम टाकून उठतात. मी टाकू शकत नव्हतो, हातात थापी होती. फाटकाला पिशवी टांगलेली असते, त्यात तो उंडे, म्हणजे गोल पाव, टाकतो आणि पुढे जातो. वर्षानुवर्षं हाच रिवाज. त्या दिवशी त्याने सायकल स्टँडला लावली.

"पात्रांव, हें कितें चल्लां?"

"प्लास्टर."

"कोणें केलें?"

"मीच."

"तशें दिसता."

मग तो भिंतीजवळ आला. गोणपाट बांधलेल्या टोपल्यातून गरम पावाचा वास येत होता, आणि माझ्या पोटात साडेपाचपासून फक्त चहा होता, हे मुद्दाम नमूद करतो. त्याने डोकं तिरकं केलं, कालच्या तुकड्यावर बोटाच्या सांध्याने टकटक केलं आणि कान लावला. पोकळ आवाज आला. त्याचा चेहरा उजळला.

"पाव असो वाजलो जाल्यार भाजलो म्हणटात," तो म्हणाला. "वणट अशी वाजली जाल्यार?"

मी गप्प. भिंत अशी वाजली म्हणजे गिलाव्याने चिरा सोडला, हे व्हिडिओतल्या माणसानेही सांगितलं होतं, पण शेवटच्या मिनिटाला, आणि तेव्हा मी बंद केला होता. मग त्याने ओल्या तुकड्याकडे मोर्चा वळवला. मी "अरे—" म्हणेपर्यंत बोट आत. वळवून बाहेर काढलं, बोटाकडे पाहिलं, अंगठ्यावर घासून पाहिलं. चाखलं नाही, एवढी कृपा.

"तो चड भाजला, हो कच्चो," निकाल लागला. "पयलीं उदक मारलें?"

"नाही मारलं."

"पिठाचेर ओलो कपडो घालिनात जाल्यार पापुद्रो येता. सुकें पीठ फुट्टा." मग भट्टी, पीठ, भावाने मळलेलं आणि भावाच्या मुलाने मळलेलं, रात्री दोनला उठणं, यांची कहाणी सुरू झाली. मी थापीवरचा माल सुकत चाललेला बघत उभा. सिमेंट अर्ध्या तासात धरायला लागतं, आणि त्याचा पुतण्या नीट मळत नाही हे सांगून व्हायला तेवढाच वेळ लागतो. घमेल्यातला माल दगड झाला. त्या घमेल्याच्या आकाराच्या दगडावर आता बायकोने कढीलिंबाची कुंडी ठेवली आहे.

शेवटी त्याने बोट माझ्याच सिमेंटच्या गोणीला पुसलं आणि त्याच हाताने टोपल्याचं झाकण उघडलं. "आनी उंडे कितले?"

खरं सांगतो, राग त्याच्यावर नव्हता. तो बरोबर होता, हाच राग. दोन पिढ्या पीठ मळणारा माणूस पाच सेकंदांत सांगतो ते मला चार व्हिडिओंत कळलं नाही. आणि ज्यांनी हे काम करायचं, तो मेस्त्री कुठे आहे? वरच्या वाड्यावर बाहेरच्या लोकांच्या बंगल्यांना दहा-दहा फुटी भिंती घालतोय. वरून काचा. त्या भिंतींना काल फटाफट गिलावा झाला, रंगही लागला. तिथे पोदेर भोंगा वाजवून थकतो, आतून कोणी येत नाही. आमच्या छातीएवढ्या भिंतीला मात्र एक बोट घालण्याइतकी माणसं येतात, माल घेऊन कोणी येत नाही. रेतीचीही तीच तऱ्हा. नदी गावाला लागून वाहते, रेती उपशावरून कोर्टकज्जे चालूच आहेत, आणि मी गोणीच्या भावाने कुठल्यातरी क्रशरची भुकटी आणतो. दुकानदार तिलाही रेतीच म्हणतो. आता सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, आणि पंचायतीचा नळ दिवसाआड येतो. पाऊस सुरू झाला की शंभर इंच होईपर्यंत थांबणार नाही, पण मे महिन्यात भिंतीला एक बादली मिळत नाही.

पोदेर रोज सकाळी निदान साठ घरं करतो. मी हे विसरलो होतो. दुपारपर्यंत शेजारचे भाई येऊन खांदा टेकून उभे राहिले, भोकात स्वतःचं बोट घालून पाहिलं, म्हणाले, "त्याचें बोट मोटें." संध्याकाळी शाळेतली दोन पोरं. बायको येणाऱ्याला सांगते की उरलेली भिंत मुद्दाम उघडी ठेवली आहे, डिझाइन आहे. तिच्या मनासारखं झालं, ही गोष्ट ती माझ्यासमोर बोलत नाही, चहा देताना नुसतं हसते.

आज सकाळी मेस्त्रीचा फोन आला. आयतारा उपरांत येतो म्हणाला. त्याला आमच्या भिंतीचं कोणी सांगितलं ते विचारायची गरज पडली नाही. दुपारी कुरियरचा पोरगा फाटकाशी थांबला, हातातलं पाकीट बघत म्हणाला, "कच्चो उंडो म्हणतात तें घर हेंच मूं?"

मी हो म्हणालो आणि सही केली.