नव्वदने गुणायचं आणि नव्वदने भागायचं, बास झालं आता

आज परत डोकं फिरलंय. किचनच्या नळाचा वॉशर गेलाय, हार्डवेअरवाल्याकडे दहा रुपयाला मिळतो तो, आणि आमचा नेहमीचा प्लंबर, जो इतकी वर्षं दीडशे-दोनशेत हे काम करून जायचा, तो फोनवर शांतपणे म्हणतो, ताई आठशे होतील. मी म्हटलं अहो नळ दुरुस्त करताय की सोन्याचा बसवताय? तर म्हणे, मागच्या वेळी साहेबांनी न मागता दीड हजार दिले होते की.

साहेब म्हणजे आमच्या वन्संचे यजमान. राहणार एडिसन, न्यू जर्सी. जानेवारीत तीन आठवडे मुलुंडला आमच्याकडे दोघांचा मुक्काम होता, तेव्हा शॉवर गळत होता म्हणून याला बोलावलेलं. अर्ध्या तासाचं काम, यांनी खिशातून पाचशेच्या तीन नोटा काढल्या, आणि तो गेल्यावर, डॉलर नव्वद रुपयांचा धरून, मलाच ऐकवलं, "अगं सतरा डॉलर पण नाहीत, आमच्याकडे प्लंबर नुसतं दारात उभं राहायचे शंभर घेतो." घेत असेल ना! पण तुमचा पगार पण डॉलरमध्येच पडतो ना राजे? आमचा नाही पडत. तुम्ही विमानात बसून निघून जाता आणि तुमच्या रेटने पुढे वर्षभर आम्ही भरत बसतो.

वॉचमनला दोन बॅगा लिफ्टपर्यंत आणल्याचे ५००. आता हे नीट बघा. वर्ल्ड बँक वगैरे लोक देशादेशातल्या किमतींची तुलना करायला जो पीपीपी नावाचा हिशोब लावतात ना, त्यात एका डॉलरचं काम इथे साधारण वीसेक रुपयांत होतं. म्हणजे ते ५०० इथे तिथल्या पंचवीस डॉलरसारखे खर्च होतात. एडिसनला कोणी बॅग वीस पावलं उचलली तर द्याल का पंचवीस डॉलर? नाही देणार, कारण तिथे लगेच कळतं की हे जास्त आहे. इथे आलं की ते कळणंच बंद होतं, सगळं "सो चीप" होतं. रिक्षाचं मीटर २६ वर पडलं, सो चीप. बेस्टचं तिकीट १० रुपये, हसल्या आमच्या वन्सं, "इलेव्हन सेंट्स! न्यूयॉर्कला सबवेचे तीन डॉलर जातात." ते तिकीट मे २०२५ मध्ये ५ चं १० झालं, आणि रोज दोन बस बदलून कामाला जाणाऱ्या माणसाला ते पाच रुपये कसे लागतात ते तिला कशाला माहीत असेल.

पण सगळ्यात जास्त डोक्यात गेलं ते मावशींचं प्रकरण. आमच्या मावशी टिटवाळ्याहून येतात, सकाळची लोकल पकडून, लटकत. आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरची कामं करतात, आमच्याकडे झाडू-पोछा आणि भांडी मिळून महिन्याला अडीच हजार. आमच्या वन्सं चहा पिता पिता त्यांना सांगतात, "मावशी, आमच्याकडे हेच काम तासाला तीस डॉलरला करतात." मावशींनी विचारलं म्हणजे किती हो ताई. हिने मोबाईल काढून गुणाकार करून दाखवला. सत्तावीसशे. तासाला! मावशी काही बोलल्या नाहीत, भांडी जरा जोरात वाजली एवढंच. दोन दिवसांनी मला म्हणाल्या, तीनशे वाढवा. मी वाढवले, आणि खरं सांगू का, वाढवायलाच हवे होते, त्यांचं काही चुकलं नाही, मीच दोन वर्षं गप्प बसले होते. पण मावशींचा एवढा कळवळा होता तर त्या तीस डॉलरमधले दोन-चार तिने स्वतः द्यायचे ना, ते नाही. (दिली काय, तर हॉटेलातून आणलेली शाम्पूची बाटली.)

आणि हीच बाई दादरला रानडे रोडवर दीडशेच्या कानातल्यांसाठी वीस मिनिटं घासाघीस करते! तिथे नाही आठवत नव्वदने भागायला? डेंटिस्टकडे तर कहरच. दर दोन वर्षांनी दातांची कामं काढून येतात हे लोक, कारण तिकडे रूट कॅनाल आणि कॅप मिळून दोन हजार डॉलरच्या वर सहज जातात, इन्शुरन्स असला तरी खिशाला चाट बसतेच. इथे डॉक्टरांनी १२,००० सांगितले तर ही म्हणते, फॅमिली डिस्काउंट नाही का? अरे! मी खाली मान घालून बसले होते, माझी ओळख होती तिथे.

स्वस्त स्वस्त म्हणता ते काय स्वस्त आहे ते तरी बघा. माणूस स्वस्त आहे. इस्त्रीवाला, डिलिव्हरीवाला, बाई, ड्रायव्हर, जिथे फक्त कोणाचे तरी हातपाय लागतात तेवढंच स्वस्त. जिथे जागा आणि माल लागतो तिथे करा की कन्व्हर्ट! त्या जानेवारीत पेट्रोल इथे १०३ च्या वर लिटर होतं, तिच्याकडे गॅलनला तीन डॉलर, म्हणजे लिटरला सत्तरेक रुपये. वर न्यू जर्सीत कायद्याने स्वतः भरायचंच नाही, माणूस येऊन भरून देतो. आयफोन इथे महाग. आणि घर? आमच्या वन बीएचकेची किंमत तिला सांगितली, बोटांवर भागाकार केला आणि गप्पच झाली, म्हणाली एवढ्यात आमच्याकडे लांबच्या गावात बॅकयार्डवालं येईल. हो ना? मग त्या दिवशी का नाही म्हणालीस, वहिनी, तुम्ही कसं भागवता?

बोलणार कोण म्हणा, नवऱ्याची एकुलती एक बहीण. मी आपली पुरणपोळ्या लाटत राहिले.

आत्ताच मेसेज आला, डिसेंबरचं तिकीट काढलंय, खालच्या दोन दाढा करायच्यात, शिवाय "त्या प्लंबरला सांगून ठेव, आईच्या बाथरूमचे सगळे नळ बदलून टाकू, एवढ्याशा पैशात होतंय तर." मी अंगठा पाठवला. नळाखाली बादली लावलीय, अर्धी भरली.